नाटककार विजय तेंडुलकरांवरच्या लेखापासून विकिपीडियावर संपादनाला सुरुवात करताय? मग हे वाचा

छान लेख निवडलात! फक्त पहिल्याच दिवशी तो अख्खा नव्याने लिहायला घेऊ नका. एक परिच्छेद धरा, त्यातल्या प्रत्येक विधानाला संदर्भ जोडा.

सगळ्यात जास्त घोळ वर्षांचा होतो. नाटक लिहिलं कधी, पहिला प्रयोग कधी, पुस्तक कधी आलं, या तीन वेगळ्या गोष्टी. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग पुण्यात १६ डिसेंबर १९७२ला, पीडीए (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या नाट्यसंस्थेचा. नुसतं ‘१९७२’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला काय कळणार?

- पुस्तकाचा संदर्भ देताना प्रकाशक, आवृत्ती आणि पान क्रमांक हवाच.
- विकिपीडियाच्याच दुसऱ्या लेखाचा संदर्भ चालत नाही.
- ‘थोर’, ‘अजरामर’ काढून टाका. (मृत्युलेखांतून उचललं की हे शब्द हमखास घुसतात.)

साचे (लेखात जोडायच्या तयार चौकटी), वर्ग (लेखांचे विषयवार गट) वगैरे नंतर बघू.