जाताना दोन वर्षांच्या आत, परतताना दोन पूर्ण: बाळाचे विमानाचे तिकीट कसे काढावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलाला येत्या १४ मे रोजी दोन वर्षे पूर्ण होतात, मेच्या पहिल्या आठवड्यात आपण दोघे त्याला घेऊन सोलापूरहून पुण्याला आणि तेथून विमानाने दिल्लीला भावाकडे जाणार आहात, महिनाअखेरीस परतणार आहात, तर जाता-येता त्याला मांडीवर बसवून नेता येईल का, आणि मांडीवरच बसणार असेल तर त्याचे तिकीट काढायची गरज आहे का?

जाताना मांडीवर नेता येईल, परतताना नेता येणार नाही. आणि तिकिटावर त्याचे नाव दोन्ही वेळेस लागेल. माझी मुलगी अकरा महिन्यांची असताना मी तिला घेऊन याच मार्गाने दिल्लीला गेले होते आणि त्यानंतरही दोनदा गेले, त्यामुळे जे अनुभवाने कळले ते सविस्तर लिहिते.

आपल्याकडे हा गोंधळ होण्याचे कारण साधे आहे. एसटीत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नसते. रेल्वेतही पाच वर्षांखालील मुलासाठी वेगळी जागा मागितली नाही तर भाडे पडत नाही. म्हणून ‘कडेवरच्या लेकराचे कसले तिकीट’ हे आपल्या मनात पक्के बसलेले असते. विमानात ही सवलत पाचऐवजी दोन वर्षांपर्यंतच आहे, आणि तीही केवळ आसनापुरती. बाळाला आसन मिळत नसले तरी प्रवाशांच्या यादीत त्याची नोंद असावीच लागते, कारण विमानात नेमके किती जीव आहेत यावर वजनाचा हिशेब, प्राणवायूचे मुखवटे आणि लहान मुलांची जीवनरक्षक जाकिटे अवलंबून असतात. देशांतर्गत प्रवासात या नोंदीसाठी प्रत्येक कंपनी आपली ठरावीक रक्कम घेते. परदेशच्या प्रवासात ती सहसा मोठ्या माणसाच्या भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास असते आणि कर वेगळे पडतात.

वय मोजायचे ते तिकीट काढण्याच्या दिवसाचे नव्हे, प्रवासाच्या दिवसाचे. १३ मे रोजी विमानात बसणारा आपला मुलगा नियमाप्रमाणे ‘इन्फंट’ आहे आणि १४ मे रोजी बसणारा ‘चाइल्ड’ आहे; त्यात एका दिवसाचीही सूट मिळत नाही. त्यामुळे जाण्या-येण्याचे तिकीट एकत्र काढायला बसलात तर संकेतस्थळ जन्मतारीख टाकल्यावर अडून बसण्याची शक्यता आहे, किंवा त्याहून वाईट म्हणजे तिकीट निघेल आणि परतीच्या दिवशी दिल्लीच्या काउंटरवर ऐनवेळच्या दराने आसन विकत घ्यावे लागेल. आपण दोन स्वतंत्र तिकिटे काढावीत, असे माझे स्पष्ट मत आहे: जातानाचे दोन मोठे आणि एक इन्फंट, परतीचे दोन मोठे आणि एक चाइल्ड. चाइल्डच्या तिकिटात फारशी सवलत मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. देशांतर्गत मार्गांवर बहुतेक ठिकाणी ते जवळजवळ मोठ्यांइतकेच असते. परतीला त्याचे आसन आपल्यापासून दूर पडेल ही भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण एकाच तिकिटावर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई-वडिलांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यावी, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ साली सर्व कंपन्यांना बजावले आहे.

बाळाची नोंद तिकीट काढतानाच करावी, ‘नंतर फोन करून घालू’ असे म्हणू नये. नंतरही ती करता येते, परंतु एका विमानात किती मांडीवरची बाळे घ्यायची याला मर्यादा असते आणि मे महिन्याच्या सुट्टीत ती मर्यादा भरलेली असू शकते. एका मोठ्या माणसामागे एकच बाळ चालते, आणि ते त्या ठरावीक माणसाच्या नावाला जोडलेले असते. ते आपल्या दोघांपैकी ज्याच्या मांडीवर खरोखर बसणार आहे त्याच्याच नावाला जोडावे. काही कारणाने दोघांपैकी एकाचे जाणे रद्द झाले आणि बाळ नेमके त्याच्याच नावाला जोडलेले असले, तर पुढची दुरुस्ती वेळ खाते.

आसन निवडतानाही एक गोष्ट ध्यानात असावी. आपल्याकडील देशांतर्गत मार्गांवर बहुतांशी चालणाऱ्या एअरबस ३२० जातीच्या विमानांत मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने असतात आणि त्या तिघांच्या डोक्यावरील कप्प्यात सर्वसाधारणपणे चार मुखवटे असतात. चौथा मुखवटा मांडीवरच्या बाळासाठी. म्हणूनच तीन आसनांच्या एका गटात दोन बाळे बसवत नाहीत, आणि आपल्याबरोबर बहीण किंवा जाऊ तिचे बाळ घेऊन येणार असेल तर दोघींना शेजारी-शेजारी बसता येत नाही. आपत्कालीन दरवाजाजवळची रांग बाळासह मिळत नाही. भिंतीला लावायचा पाळणा लांबच्या प्रवासाच्या मोठ्या विमानांत असतो. पुणे-दिल्लीच्या विमानात तो शोधू नये.

आता कागदपत्रांविषयी, कारण माझी अडचण तेथेच झाली. बाळाचे वय सिद्ध करणारा कागद दाखवावा लागतो, आणि त्यासाठी जन्मदाखल्याइतका निर्विवाद दुसरा कागद नाही. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते आणि रुग्णालये ती पहिल्या काही दिवसांतच महापालिकेकडे पाठवतात. आपल्या घरी मात्र बारसे बाराव्या दिवशी, कधी सोयीने महिना-दोन महिन्यांनी होते. परिणामी दाखल्यावर आईचे नाव असते, वडिलांचे असते, पत्ता असतो, आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा राहतो. आमचा दाखला तसाच होता आणि वर्षभर तो प्लास्टिकच्या फाइलमध्ये नीट जपूनही माझ्या ते लक्षात आले नव्हते. पुण्याच्या काउंटरवरील मुलीने दाखल्यावरून बोट फिरवत आणले, कोऱ्या रकान्यावर ते थांबवले आणि शांतपणे विचारले, “मॅडम, तिकिटावरचे नाव इथे कुठे आहे?” तिचे काहीच चुकत नव्हते. तिने वरिष्ठांना बोलावले; मी पिशवी उपसून लसीकरणाचे कार्ड काढले, त्यावर बालरोगतज्ज्ञांच्या अक्षरात मुलीचे नाव आणि तीच जन्मतारीख होती; दोन्ही कागद शेजारी ठेवून, माझे आधार कार्ड आईच्या नावाशी ताडून पाहून अखेर त्यांनी होकार दिला. तोवर वीसेक मिनिटे गेली होती, कडेवरची मुलगी रांगेच्या निळ्या पट्ट्याला दोन्ही हातांनी लोंबकळत होती, आणि माझ्या हाताला सुटलेला घाम दाखल्याच्या कडेवर उमटला होता. त्या दिवशी समोरच्या माणसांनी समजून घेतले, पण ते तसे घेतीलच असा नियम नाही. वय सिद्ध झाले नाही तर बाळाचे पूर्ण भाडे मागितले जाऊ शकते.

म्हणून आपल्या मुलाचा दाखला आधी काढून पाहावा. रकाना कोरा असेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात अर्ज करून नाव घालून घेता येते. नोंदणीपासून वर्षभरात हे विनाशुल्क होते, त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत करता येते. तिकिटावर जे नाव घालायचे ते दाखल्यावर जसे आहे तसेच घालावे. घरचे लाडके नाव, पाळण्यातले नाव आणि कागदावरचे नाव यांची सरमिसळ होऊ देऊ नये. पाच वर्षांखालील मुलांचे निळे बाल आधार काढलेले असेल तर तेही जवळ ठेवावे. बाळासह असलेल्या तिकिटाचे चेक-इन घरबसल्या पुरे होत नाही असा अनुभव अनेकदा येतो, त्यामुळे काउंटरवर थांबावे लागेल हे धरूनच वेळ हाताशी ठेवावा.

एक विषय आपण विचारलेला नाही, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही. मांडीवर नेता येते याचा अर्थ मांडीवर नेणे सर्वांत सुरक्षित आहे असा नाही. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे युनायटेड कंपनीचे २३२ क्रमांकाचे विमान कोसळले, तेव्हा त्या काळच्या पद्धतीप्रमाणे मांडीवरच्या मुलांना आई-वडिलांच्या पायाशी जमिनीवर ठेवायला सांगण्यात आले होते. त्यांतील एक मूल दगावले. पुढे अपघातांचा तपास करणाऱ्या तेथील मंडळाने दोन वर्षांखालील मुलांनाही स्वतंत्र आसन आणि पट्टा असावा अशी शिफारस केली. विमान प्रशासनाने ती सक्तीची केली नाही, आणि त्यामागे दिलेले कारण विचार करण्यासारखे आहे. बाळाच्या आसनाचे पैसे पडू लागले तर अनेक कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील आणि रस्त्यावर त्याहून अधिक मुले दगावतील, असे त्यांचे म्हणणे होते.

सोलापूरकरांना हा हिशेब जवळून लागू पडतो. आपल्या प्रवासातील खरा धोक्याचा टप्पा पुणे-दिल्लीचा नसून टेंभुर्णी, इंदापूर, भिगवणवरून जाणारा अडीचशे किलोमीटरचा महामार्ग आहे, आणि त्या रस्त्यावर पुढच्या आसनावर आईच्या मांडीवर झोपलेले मूल मी दर फेरीला पाहते. ताशी ऐंशीच्या वेगात गाडी अचानक थांबली तर कोणत्याही आईच्या हातांत बाळ धरून ठेवण्याइतके बळ नसते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा मुलांच्या खास आसनाने बांधणे सक्तीचे केले आहे, आणि त्याचा दंड एक हजार रुपये आहे. शक्य असल्यास पुण्यापर्यंत रेल्वेने जावे. पहाटे सहाच्या सुमारास सुटणारी वंदे भारत सकाळी नऊच्या आसपास पुण्यात पोहोचवते. २०२५ पासून आपल्याच होटगी रस्त्यावरील विमानतळावरून गोवा आणि मुंबईची विमाने सुरू झाली आहेत, त्यामुळे मुंबईमार्गे दिल्लीचाही विचार करता येईल. मात्र दोन टप्प्यांची तिकिटे दोन वेगळ्या कंपन्यांची असतील तर बाळाची नोंद दोन्हींकडे स्वतंत्रपणे करावी लागते, एकीकडची नोंद दुसरीकडे आपोआप जात नाही.

साडेतेवीस महिन्यांचे, पळायला शिकलेले मूल दोन तासांहून अधिक वेळ मांडीवर स्थिर बसत नाही हेही खरे आहे. म्हणून जातानाच्या तिकिटाचा भाव पाहावा, आणि स्वस्तातले आसन मिळत असेल तर इन्फंटची रक्कम आणि चाइल्डचे भाडे यांतला फरक काढून पाहावा. कधीकधी तो इतका थोडा असतो की जातानाही त्याला स्वतःचे आसन घेणे परवडते. दोन वर्षांखालील मुलाला स्वतंत्र आसनावर बसवायचे तर मोटारीतले मान्यताप्राप्त बालआसन लागू शकते, तेव्हा तिकीट काढण्याआधी कंपनीला विचारून घ्यावे. मांडीवरच न्यायचे ठरले तर आपला पट्टा आधी आपल्या कमरेला बांधावा आणि मग बाळाला घ्यावे. दोघांना मिळून एकच पट्टा कधीही बांधू नये, कारण धक्का बसला तर आपले सगळे वजन पट्ट्यावरच्या बाळावर येते.

सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थांवर मर्यादा असली तरी प्रवासात लागेल इतके बाळाचे दूध, पाणी आणि खाणे नेऊ देतात. डबा उघडून दाखवावा लागतो. मी नाचणीचे सत्त्व कोरडे नेते आणि गरम पाणी थर्मासमध्ये, म्हणजे काही सांडत नाही. मेमध्ये सोलापुरातून निघताना अंगावर सुती झबल्याखेरीज काही नकोसे वाटते, पण विमानात गारठा असतो. आपली लहान आकाराची सोलापुरी चादर हातातल्या पिशवीत ठेवावी, सामानात जाऊ देऊ नये. घडीची बाबागाडी बहुतेक कंपन्या वेगळे पैसे न घेता नेतात.

कानाचा त्रास चढताना कमी आणि उतरताना जास्त होतो, कारण केबिनमधील हवेचा दाब वाढू लागला की कानाच्या आतील नळी गिळण्याच्या हालचालीशिवाय लहान मुलांत सहज उघडत नाही. विमान उतरण्याच्या पंचवीस-तीस मिनिटे आधीच दाब बदलू लागतो, म्हणून चाके टेकण्याची वाट न पाहता, उतरत असल्याची घोषणा होताच दूध किंवा पाणी घोट-घोट पाजायला घ्यावे. झोपलेला असेल तर हलकेच उठवावे. सर्दी झालेली असेल किंवा कान दुखत असेल तर निघण्यापूर्वी आपल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवून त्यांची परवानगी घ्यावी. परतताना तो स्वतःच्या आसनावर असेल. तेव्हा त्याला खिडकीकडे बसवून पट्टा बांधावा आणि घोषणा झाली की त्याच्या ओळखीची पाण्याची बाटली त्याच्याच हातात द्यावी.