बेगमीचे दिवस

तू तीन गोष्टी विचारल्यास: उत्तर फिनलंडमधल्या रोवानिएमीतल्या नोकरीवर ऑगस्टमध्ये रुजू व्हावं की जानेवारीत, ट्रेकिंगची सवय असलेल्या माणसाला इथे शरदात काय करता येईल, आणि चार वर्षांच्या मुलीसोबत रोजचं जगणं कसं असतं. ‘ताई’ म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करतेय.

पहिल्याचं उत्तर: ऑगस्ट. कंपनी जानेवारी म्हणत असेल तर थोडी घासाघीस कर, पण ऑगस्टातच ये. मी आले ती 2016च्या नोव्हेंबरात. दुपारी तीनला अंधार, बर्फ अजून धड पडलेला नाही, त्यामुळे जमीनही काळी आणि आभाळही काळं. फिनिशमध्ये ऑक्टोबरला लोकाकू म्हणतात, म्हणजे चिखलाचा महिना. नोव्हेंबर हा मार्रासकू, त्यातल्या ‘मार्रास’चा अर्थ मेलेलं. नावं ठेवणाऱ्यांनी काही लपवलेलं नाही. तो पहिला हिवाळा मी ऑफिस, घर आणि आईला व्हिडिओ कॉल एवढ्यावर काढला. पुढच्या वर्षी लक्षात आलं की इथली माणसं हा काळोख काढतात ती आधीच्या दोन महिन्यांच्या जिवावर. आपल्याकडे पावसाळ्याआधी वाळवणं, लोणची, सरपण यांची बेगमी करतात ना, तसा इथला शरद. जानेवारीत येणारा म्हणजे बेगमी न करता थेट आषाढात उतरणारा.

आता ट्रेकिंग. तू साल्हेर-मुल्हेर, हरिहर केलेला नाशिककर, तेव्हा आधीच सांगते, डोंगर म्हणशील तर निराश होशील. फिनलंडचं सगळ्यात उंच ठिकाण हाल्टी, 1,324 मीटर. आपला साल्हेर 1,567. शिवाय हाल्टी इथून दिवसभराच्या अंतरावर. गावाला लागून, नदीपलीकडे आहे ती ओउनासवारा, तिला टेकडीच म्हणायचं. इथली गंमत उंचीत नाही, पसाऱ्यात आहे. रोवानिएमी नगरपालिकेचं क्षेत्रफळ सुमारे 8,000 चौरस किलोमीटर, म्हणजे माझ्या अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याहून थोडं जास्तच. जिल्ह्यात 2011च्या जनगणनेला 38 लाख माणसं होती. इथे 65 हजारांच्या आसपास. उरलेलं सगळं पाईन, बर्च, तळी आणि दलदल.

आणि त्यात कुठेही जा. जमीन कुणाचीही असो, पायी हिंडायला, एखादी रात्र तंबू ठोकायला, बेरी-अळंबी वेचायला परवानगी लागत नाही. परदेशी माणसालाही तोच हक्क. फक्त कुणाच्या अंगणात किंवा उभ्या पिकात शिरायचं नाही. शेकोटी मात्र या हक्कात बसत नाही. ती आखून दिलेल्या जागीच, आणि वणव्याचा इशारा असेल तेव्हा उघड्यावर अजिबात नाही.

सप्टेंबरात येतो रुस्का, पानांचे रंग बदलण्याचा काळ. बर्च पिवळे होतात हे फोटोत दिसतंच, पण खरी मजा गुडघ्याखाली आहे. बुटक्या बर्चची आणि ब्लूबेरीची झुडपं अशी लाल होतात की कुणी जमिनीवर कुंकू सांडलंय असं वाटावं. डास संपलेले असतात, रात्री पुन्हा काळोख पडू लागल्यामुळे उत्तर-प्रकाशही, म्हणजे आकाशात हलणारे हिरवट झोत, दिसतो. हा थाट फार तर दोन आठवडे. एक वादळी रात्र आली की सगळं खाली. म्हणून त्या दिवसांत ‘पुढच्या रविवारी जाऊ’ म्हणायचं नाही.

बेरींचा क्रम लक्षात ठेव. जुलैअखेरीपासून ऑगस्टभर मुस्तिक्का, म्हणजे रानटी ब्लूबेरी. जांभळासारखी जीभ रंगवते. सप्टेंबरात पुओलुक्का, लाल आणि आंबट. ती नुसती पाण्यात बुडवून ठेवली तरी महिनोन्‌महिने टिकते, कारण तिच्यात मुळातच बेन्झॉइक आम्ल असतं. मी तिचं करवंदासारखं लोणचं घालते, मोहरी आणि गूळ घालून, आणि ते शेजारच्या आजींना इतकं आवडलं की आता बरण्या त्याच आणून ठेवतात. वेचायला दाते असलेला फणीसारखा डबा मिळतो. अळंबीच्या वाटेला मात्र ओळखणाऱ्या माणसाबरोबरच जा.

बेरी वेचताना मान खाली असते आणि तिथेच माणूस चुकतो. मी चुकले होते. एकेक झुडूप करत सरकत गेले, वर बघितलं तर चारी बाजूंना एकसारखं पाईन. सह्याद्रीत चुकलं तर उतार धरून खाली गाव गाठता येतं, इथे उतारच नसतो. फोन थंडीने बंद पडलेला. दोन तासांनी गाडीचा आवाज आला. रस्ता चारशे मीटरवर होता. तेव्हापासून गळ्यात होकायंत्र, फोन आतल्या खिशात आणि त्यात ‘112 सुओमी’ अ‍ॅप, ज्यावरून फोन केला की तुझी जागा मदत केंद्राला कळते.

रानात ठिकठिकाणी लाआवू असतात, तीन बाजूंनी बंद असे लाकडी आडोसे, पुढे शेकोटीची जागा. सरकारी वनखात्याने राखलेल्या ठिकाणी सरपणही फुकट. कुऱ्हाडीने फोडून घ्यायचं. लोक तिथे माक्कारा नावाचं सॉसेज भाजतात, आम्ही मक्याची कणसंही भाजतो. दूरच्या पायवाटांवर आउतिओतुपा, कुलूप नसलेल्या मोकळ्या झोपड्या. त्यांचा एक नियम मला फार आवडतो: शेवटी आलेल्याचा हक्क पहिला. तू आधी येऊन आराम केलास, तर उशिरा पोचलेल्या थकलेल्या माणसाला जागा करून द्यायची. आपल्या एस.टी.त रुमाल टाकून जागा धरणाऱ्या माझ्यासारखीला हे पचायला वेळ लागला. सुरुवात गावापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या वात्तुन्किकोंगासपासून कर. लाकडी फळ्यांच्या वाटा आहेत, मुलगीही चालेल.

शिकारीचा हंगामही याच दिवसांत, तेव्हा तिघांच्याही डोक्यावर भगव्या रंगाची टोपी हवी. रेनडिअर मोकळे फिरतात म्हणून जंगली समजू नकोस. प्रत्येकाचा मालक आहे, कानावर खूण कापलेली असते. गाडीला धडकला तर 112 ला कळवावंच लागतं. आणि मालकाला ‘तुमच्याकडे किती?’ असं चुकूनही विचारू नकोस. बँकेतली शिल्लक विचारल्यासारखं होतं ते.

रोजच्या जगण्याचं थोडक्यात. बालवाडीत मुलं पावसात, चिखलात, बर्फात रोज बाहेर खेळतात. पहिल्या आठवड्यात तुझी बायको घाबरेल, मीही घाबरले होते. कुराहोउसुत नावाची रबरी चिखल-विजार दोन जोड घे, सेकंडहँड दुकानात स्वस्त मिळते. सप्टेंबरात दिवस रोज सहा-सात मिनिटांनी आखडतो, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सव्वादोन तासांवर येतो. अंधारात पायी चालताना अंगावर चमकणारी पट्टी लावणं कायद्यानेच बंधनकारक आहे, मुलीच्या दप्तरालाही टांग. ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांशी बोलून घे. शेजारी आपणहून दार वाजवणार नाहीत, पण बेरीची जागा विचार, बोलायला लागतील. (खरी जागा सांगणार नाहीत, ती पोटच्या पोरालाही सांगत नाहीत.)

ट्रेकिंगचे नवे बूट घेऊन पैसे घालवू नकोस. दलदलीत रबरी गमबूटच लागतात, ते इथे घे. फोनवाली नोकिया एके काळी तेच बनवायची. येताना कुकर, हिंग, कांदा-लसूण मसाला आणि भरपूर गोडा मसाला आण. तूप आणि पेढे भरू नकोस, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे. तुपाची काळजी नको, इथलं लोणी झकास कढतं.