दोन महिने हॉटेलात राहून उत्तर कोरिया कळतो का? 'प्योंगयांग' हे चित्रपुस्तक वाचावं का?

तुम्ही एकात तीन प्रश्न विचारलेत. गी दलील यांचं 'प्योंगयांग', म्हणजे उत्तर कोरियाच्या राजधानीवरचं चौकटीचौकटींतून सांगितलेलं पुस्तक, घ्यावं का, परदेशी लोकांच्या हॉटेलात दोन महिने राहिलेल्या माणसाला उत्तर कोरिया कितीसा कळणार, आणि १३ वर्षांच्या मुलीला हे पुस्तक देता येईल का. पहिल्याचं उत्तर 'हो'. दुसऱ्याचं 'फार थोडा'. तरीही घ्या म्हणतो, कारण मी ते चार-पाच वेळा वाचलंय आणि त्यामागे माझं जुनं काम आहे.

२००५ च्या सुमाराला मी अंधेरीच्या एका टूडी अ‍ॅनिमेशन स्टुडिओत इनबिटवीनर होतो. हे काम काय असतं ते आधी सांगतो, नाहीतर पुस्तकातली अर्धी गंमत निसटते. कार्टूनमधला मुलगा हात वर करतो. हात खाली असतानाचं एक आणि वर गेल्यावरचं एक अशी मुख्य चित्रं, म्हणजे 'की', वरिष्ठ चित्रकार काढतो. त्यांच्या मधली सगळी चित्रं इनबिटवीनरने लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर, कागदावर कागद ठेवून भरायची. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम धावतात; एक चित्र दोन फ्रेम चालवलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. अर्ध्या तासाच्या एका भागाला हजारो कागद होतात. युरोप-अमेरिकेतल्या कंपन्यांना एवढी मजुरी त्यांच्या देशात परवडेना, म्हणून कथा आणि दृश्यांची कच्ची आखणी तिकडे आणि हाताचं काम आशियात अशी वाटणी झाली. ते काम सेऊलला गेलं, मनिलाला गेलं, आमच्याकडे आलं. आणि प्योंगयांगलाही गेलं, कारण तिथल्या सरकारला परकीय चलन हवं होतं आणि कंपन्यांना स्वस्त हात.

तिथला एसईके स्टुडिओ सरकारी आहे, १९५७ पासूनचा. दलील मूळचे कॅनडातल्या क्विबेकचे, पेशाने अ‍ॅनिमेटर. मे २००१ मध्ये ते तिथे गेले ते एका फ्रेंच मालिकेची चित्रं नीट उतरताहेत ना हे बघायला. पत्रकार असते तर व्हिसा मिळणं कठीण होतं, पर्यटक असते तर आठवडाभरात परत धाडले गेले असते. नोकरीमुळे दोन महिने मिळाले. पुस्तक फ्रेंचमध्ये २००३ ला आलं, इंग्रजीत २००५ ला.

आता हॉटेल. तेदोंग नदीतल्या बेटावर यांगाकदो नावाचं ४७ मजली हॉटेल आहे. परदेशी पाहुण्यांना सगळ्यांना एकाच मजल्यावर, पंधराव्यावर ठेवलेलं. रात्री अख्ख्या इमारतीत तेवढ्याच एका मजल्यावर दिवे, बाकी काळोख. दलील हे एका चौकटीत काढतात. विजेच्या टंचाईवर दोन पानं लिहून जे सांगता आलं नसतं ते त्या काळ्या खांबातल्या उजेडाच्या बारीक पट्टीने कळतं. सगळं पुस्तक असंच पेन्सिलीच्या करड्या छटांमध्ये आहे. रंग नाहीत, आणि ते शहर वाचताना रंगांची आठवणही होत नाही.

विमानतळावर उतरल्या उतरल्या हातात फुलं देतात. ती मानसू टेकडीवर देशाचा संस्थापक नेता किम इल सुंगच्या २० मीटरहून उंच कांस्य पुतळ्यापुढे वाहायची. त्यानंतर गाइड आणि दुभाषा सावलीसारखे बरोबर. भुयारी रेल्वे बघायची तर ठरलेल्या दोन स्टेशनांमध्येच. जुचे या सरकारी विचारसरणीच्या नावाने उभारलेल्या १७० मीटर उंच मनोऱ्यात २५,५५० दगड आहेत, किम इल सुंगच्या पहिल्या सत्तर वर्षांतल्या प्रत्येक दिवसाला एक (लीप वर्षांचे जादा दिवस सोडून). आणि त्याच शहरात १०५ मजल्यांचा र्‍युग्योंग हॉटेलचा त्रिकोणी सांगाडा. १९८७ ला बांधायला घेतला, १९९२ ला काम थांबलं, दलील गेले तेव्हा नुसतं काँक्रीट उभं होतं. नंतर त्याला बाहेरून काचा बसवल्या, पण पाहुणा अजून एकही राहिलेला नाही. दलील त्याबद्दल विचारतात तेव्हा सोबती विषय टाळतात. रस्त्यावर अपंग माणूस एकही दिसत नाही, असं का, असंही ते विचारतात. आमच्या देशात सगळे निरोगीच जन्मतात, अशा अर्थाचं उत्तर मिळतं. ते उत्तर दलील जसंच्या तसं पानावर ठेवतात आणि पुढच्या चौकटीकडे जातात. मी त्या पानावर थांबलो होतो.

'फार थोडा कळतो' म्हणालो ते यामुळे. छळछावण्या त्यांनी पाहिल्या नाहीत. नव्वदच्या दशकातला दुष्काळ, ज्यात लाखो माणसं भुकेने मेली, तो त्यांना मदतसंस्थांच्या लोकांकडून ऐकायला मिळतो. पण दलील न पाहिलेलं पाहिल्यासारखं काढत नाहीत. मला हे पुस्तकाचं सगळ्यात मोठं बळ वाटतं. फोटो काढायचा तर सोबत्याची परवानगी लागते. खोलीत बसून आठवणीने काढलेल्या चित्राला कोण अडवणार? त्यामुळे जे दिसलं तेवढंच, पण ते बारकाव्यासकट आलंय: प्रत्येक खोलीत भिंतीवर किम इल सुंग आणि किम जोंग इल या बापलेकांच्या तसबिरी, छातीवर बिल्ले, हॉटेलच्या रिकाम्या जेवणघरात उभी वाढपीण, आणि तिथे काय बोलावं हे न सुचलेले दोन परदेशी.

छावण्यांबद्दल वाचायचं असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाचा फेब्रुवारी २०१४ चा अहवाल वाचा. न्यायमूर्ती मायकेल कर्बी अध्यक्ष होते, पळून आलेल्या लोकांच्या साक्षी उघड सुनावण्यांमध्ये घेतल्या होत्या, आणि राजकीय कैदी ८० हजार ते १ लाख २० हजार असावेत असा अंदाज त्यात आहे. तो अहवाल आणि हे पुस्तक शेजारी ठेवून वाचलं की हॉटेलच्या खिडकीबाहेरचा काळोख किती दूरवर पसरलाय ते समजतं.

पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती किरकोळ नाही. दलील सामानात ऑरवेलचं '१९८४' घेऊन गेले होते, प्रत्येकावर पाळत ठेवणाऱ्या हुकूमशाहीची कादंबरी. ते त्यांनी आपल्या सोबत्याला वाचायला दिलं. काही दिवसांनी तो अस्वस्थपणे परत करतो. वाचताना अनेकांना हा प्रसंग धाडसी, मिश्कील वाटतो. मला वाईट वाटलं. दलीलना फार तर पुढच्या विमानात बसवलं असतं. त्या माणसाकडे ते पुस्तक सापडलं असतं तर? त्या देशात एकाच्या गुन्ह्यासाठी घरच्यांनाही, कधी तीन पिढ्यांना, शिक्षा झाल्याच्या साक्षी त्याच अहवालात आहेत. गाइडची खिल्ली उडवणारी पानंही बरीच आहेत. जो उलटून बोलूच शकत नाही त्याची चेष्टा करताना हात आवरायला हवा होता असं मला मनापासून वाटतं.

आणि मग स्टुडिओची पानं. इथे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचा आहे. आमच्याकडेही असे सुपरवायझर यायचे. एक जण सहा आठवडे होता. हॉटेलातून गाडीने यायचा, कागदांचा गठ्ठा उलटायचा, लाल पेन्सिलीने खुणा करायचा: खांदा चुकला, वजन दिसत नाही, रिटेक. आम्हा चाळीस जणांपैकी चौघांची नावं त्याला ठाऊक असतील. एकदा मात्र त्याने माझा कागद बाजूला ओढला, शेजारी पाच-सहा रेघांत खांदा काढून दाखवला आणि हसला. तो कागद मी घरी नेला, अजून आहे. त्यामुळे दलील कोरियन अ‍ॅनिमेटरांच्या चुका दाखवतात, पाश्चात्त्य माणसाचे हावभाव त्यांना समजावतात, तेव्हा माझी नजर पलीकडे वाकून बसलेल्या माणसांवर जाते. त्यांना दलीलशी गप्पा मारता येत नव्हत्या. मी आठ वाजता पेन्सिल ठेवून लोकल पकडायचो, सुपरवायझरला शिव्या घालत वडापाव खायचो, आणि एक दिवस नोकरीच सोडली. त्यांच्यापुढे यातली एकही वाट नव्हती. कागदावर कागद ठेवून रेघ ओढताना मनगट दुखतं ते तेवढं दोघांचं सारखं. दलील त्या खोलीत सगळ्यांत जवळ होते आणि तरी एकाही चित्रकाराचं घर, जेवण, आवडनिवड पुस्तकात येत नाही. हा दोष मी दलीलना देत नाही. ती भिंत तिथे खरोखर होती आणि त्यांनी ती तशीच काढली.

हे सगळं जुनं झालं असंही समजू नका. एसईके स्टुडिओवर अमेरिकेने डिसेंबर २०२१ मध्ये निर्बंध घातले, म्हणजे परदेशी काम तिथे जाणं तोवर थांबलेलं नव्हतं. पुस्तकावर स्टीव्ह कॅरेलला घेऊन चित्रपट निघणार होता, तो डिसेंबर २०१४ मध्ये सोनी या चित्रपट कंपनीवरच्या सायबर हल्ल्यानंतर, ज्याचा ठपका अमेरिकेने उत्तर कोरियावर ठेवला, चित्रीकरणाआधीच गुंडाळला गेला.

मुलीला द्या. अंगावर येणारी हिंसा पुस्तकात नाही, थोडं मोठ्यांचं बोलणं आणि दारू आहे, तेवढं १३ वर्षांच्या मुलीला चालेल. फक्त एक जागा तिच्याबरोबर बसून वाचा. 'मुलांचा राजवाडा' म्हणजे शाळेनंतर मुलांना कला शिकवणारी सरकारी संस्था; तिथे अकॉर्डियन वाजवणाऱ्या मुली आहेत, ओळीने बसलेल्या, सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकसारखं ताणलेलं हसू. दलील तिथे चेष्टा विसरतात. त्या मुली तुमच्या मुलीहून लहानच असतील. ती चित्रं बघून ती काहीतरी विचारेल, तेव्हा तुम्ही शेजारी असलेलं बरं.