गळका गिझर, खालच्यांचं ओलं छत आणि भरपाई

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागला अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत इथल्याच दुकानातून २५ लिटरचा गिझर (आमच्या घरी त्याला बॉयलरच म्हणतात) ९,८०० रुपयांना घेतला. टाकीची वॉरंटी पाच वर्षं. महिन्यापूर्वी तो गळायला लागला. ओळखीच्या प्लंबरनं दोन जॉइंटना टेप गुंडाळून दिली, उपयोग झाला नाही. तीन आठवडे बादली लावून काढले. मग कंपनीचा माणूस आला. पेनासारखं मशीन पाण्यात बुडवून म्हणाला, "बोअरचं पाणी, टीडीएस जास्त आहे, वॉरंटीत बसत नाही." ४५० रुपये घेऊन गेला. आता कंपनी म्हणते, जुना परत द्या, नव्यावर सूट देतो. दरम्यान खालच्या काकांच्या बाथरूमचं आणि पॅसेजचं छत ओलं झालं. ते सगळ्या घराच्या रंगाचे ४५,००० मागतायत, नाहीतर नोटीस पाठवीन म्हणतात. गिझर बंद असला तरी गळतो, पाणी तांबूस आहे. दोन वर्षं उलटली, आता तक्रार करता येईल का?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी गिझरचा एमसीबी पाडा आणि त्याच्याकडे जाणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करा. गळक्या गिझरला वीज चालू ठेवणं जिवाशी खेळ आहे, आणि त्यात कुणाला शॉक बसला तर पुढचा कुठलाच युक्तिवाद तुमच्या कामाचा राहणार नाही.

दुसरं, तो जुना गिझर कुणालाही देऊ नका. सूट देऊन कंपनी जे परत मागते आहे, तोच तुमचा एकुलता एक साक्षीदार आहे. तो एकदा गोदामात गेला की टाकी सडली होती का, वेल्डिंग कच्चं होतं का, हे कोण आणि कशावरून सांगणार? अशी प्रकरणं मी पाहिली आहेत. कागद सगळे जागेवर असतात, वस्तूच नसते.

आता पाणी नेमकं कुठून येतंय ते बघू, कारण पैसे कुणी भरायचे हे त्यावरच ठरतं. मी वकील आहे, प्लंबर नाही, पण एवढं या व्यवसायातही शिकावं लागतं. गिझर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं पाणी टपकणं हा दोष नव्हे. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर गेलं की ते पावणेचारशे मिलीच्या आसपास वाढतं. त्याला बाहेर पडायला वाट हवी, ती हा व्हॉल्व्ह देतो. (थेंब पडतात म्हणून व्हॉल्व्हला प्लग मारणारे महाभाग आहेत. तुमच्या प्लंबरनं तसं केलेलं नाही ना, बघून घ्या.) पण ही गळती गार झाल्यावर थांबते, तुमची थांबत नाही. जॉइंट गळत असता तर तो बसवणाऱ्याचा दोष झाला असता. तो ओळखायचा तर सगळं कोरडं पुसून, वीज बंद ठेवून, प्रत्येक जॉइंटला वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळायचा, भिजला तो जॉइंट गळका. कॉइलच्या पट्टीखालचं गॅस्केट गेलं असेल तर दुरुस्ती किरकोळ आहे. आणि पाणी तांबूस, खालच्या झाकणातून, बंद असतानाही सतत, हे सगळं एकत्र आलं की संशय टाकीवर जातो. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीच्या पोलादाऐवजी ती झिजते. ती संपली की टाकी सडायला लागते. तांब्याचा बंब गळला तर तांबट डाग देऊन भोक बुजवायचा. या टाकीला तसं वेल्डिंग करून घेऊ नका. आतला काचेचा मुलामा जळतो, आणि ‘गिऱ्हाइकानं फेरफार केला’ हा बचाव समोरच्याला आयता मिळतो.

म्हणून कंपनीला आजच ईमेल आणि स्पीड पोस्टानं कळवा : तंत्रज्ञ पाठवा, गिझर माझ्या घरीच, माझ्यासमोर उघडा, गळतीची जागा जॉबशीटवर लिहून द्या. उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. तो ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीसोबत देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (मोबाइल-संगणकावरच्या पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या कायद्याला काटेकोर बांधलेला नसतो, पण समोरच्याला बोट शिरकवायला जागा कशाला ठेवायची?

टीडीएसचं मात्र मला हसू आलं. ते पेन पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजतं. त्यातला जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, हे त्याला वेगळं सांगता येत नाही. वॉरंटी कार्डावर अट नेमकी कशाची आहे, जडपणाची की टीडीएसची, आणि मर्यादा किती, ते आधी वाचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. टीडीएसची तशीच ५०० आणि २०००. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या. आकडा कमी निघाला तर कंपनीचं म्हणणं तिथंच कोसळतं. जास्त निघाला तरी सगळं संपत नाही. कृष्णाकाठच्या किती जमिनी क्षारपड झाल्या हे सांगलीत माल विकणाऱ्याला माहीत नसतं काय? बोअरच्या पाण्याला वॉरंटी नाही, तर ते विकताना सांगायला हवं होतं. खोक्यातल्या बारीक अक्षरात नव्हे, बिल करताना.

इथं एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण वकीलही इथं चुकतात. ‘ही अट म्हणजे अन्याय्य करार’ असं तक्रारीत लिहू नका. अन्याय्य करार रद्द करण्याचा अधिकार राज्य आयोगाकडे आहे, जिल्हा आयोगाकडे नाही. तुम्ही सदोष वस्तू, सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा एवढंच मांडा.

मुदतीची काळजी नको. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली दोन वर्षं तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात, खरेदीच्या दिवसापासून नव्हे. गळती महिन्यापूर्वी सुरू झाली आणि वॉरंटी त्यानंतर नाकारली. तरी हिशेब पहिल्या गळतीपासून धरा, म्हणजे वाद नको. कार्डावर ‘न्यायक्षेत्र मुंबई’ छापलेलं असलं तरी तुम्ही जिथं राहता तिथल्या, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. मोबदला, म्हणजे वस्तूसाठी तुम्ही मोजलेली किंमत, पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते, वकील सक्तीचा नाही (हे माझ्या पोटावर पाय देणारं वाक्य आहे, पण खरं आहे). कंपनी आणि दुकानदार दोघांनाही पक्षकार करा. तपासणीशिवाय दोष कळत नसेल तर कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, तिचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो. पाठवायला वस्तू हवी, म्हणून तर ती सांभाळा म्हणालो.

आता खालचे काका. इथं मी तुमच्या बाजूनं बोलणार नाही. १९१३ साली रिकर्ड्स विरुद्ध लोथियन हा मेलबर्नचा खटला प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातल्या तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे आला. चौथ्या मजल्यावरच्या बेसिनचा नळ कुणीतरी मुद्दाम सोडून ठेवला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूचा माल भिजला. घरगुती पाण्याची सोय हा इमारतीचा नेहमीचा वापर आहे, त्यामुळे निष्काळजीपणा नसेल तर वरचा जबाबदार नाही, असं तिथं ठरलं. टाकी अचानक फुटली असती तर हा निकाल मी तुमच्यासाठी पुढे केला असता. पण तुम्ही तीन आठवडे बादली लावून काढले. कॉक बंद करायला एक मिनिट लागलं असतं. त्या तीन आठवड्यांचा बचाव मला सुचत नाही.

म्हणून काकांची नोटीस यायची वाट बघू नका. वर-खाली राहायचं आहे, चहाला जा. मात्र भरपाई प्रत्यक्ष नुकसानीची, म्हणजे बाथरूम आणि पॅसेजच्या छताची. हॉलच्या रंगाचा तुमच्या गिझरशी काय संबंध? छत आधी पूर्ण वाळू द्या, मग दोघांनी मिळून रंगाऱ्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. पैसे बँकेतून द्या आणि ‘यापुढे कोणताही दावा राहिला नाही’ असं लिहून घ्या. टाकीचा दोष निघाला तर ही रक्कम कंपनीकडून मागता येईल. पण त्या तीन आठवड्यांवर कंपनी बोट ठेवणार, तेव्हा पूर्ण रक्कम मिळेल असं धरून चालू नका.

आणि तोवर आंघोळीचं काय, तर नवा गिझर घ्या, पूर्ण किमतीत. आयएसआय चिन्ह बघा, पक्कं बिल घ्या, दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्या की बोअरच्या पाण्याला वॉरंटी लागू आहे. जुना प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सीरियल नंबरचा फोटो काढून माळ्यावर टाका. घरच्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर भंगारवाला आला की पहिलं तेच जातं.