ट्रेकिंग करणाऱ्याला रोप अ‍ॅक्सेसची लेव्हल १ करून रेस्क्यू टीमचा लीडर होता येईल का?

वय २४, पाच वर्षं ट्रेकिंग, रॅपलिंग (दोराने कडा उतरणं) येतं, आता इराटा या रोप अ‍ॅक्सेसच्या संघटनेची लेव्हल १ करून एखादी रेस्क्यू टीम चालवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. सरळ उत्तर: नाही. लेव्हल १ म्हणजे दुसऱ्याच्या देखरेखीखाली दोरावर काम करायची परवानगी, इतकंच.

पण तुमच्या प्रश्नात दोन निरनिराळ्या गोष्टींची गाठ बसलीय. ती आधी सोडवतो. मी दोन्हीकडे आहे. पोटापाण्यासाठी रोप अ‍ॅक्सेस करतो, लेव्हल ३ आहे, म्हणजे सगळ्यात वरची, सुपरवायझरची पातळी. आणि सुट्टीला (बरेचदा सुट्टी नसतानाही) सह्याद्रीतल्या एका बचाव पथकाबरोबर दऱ्यांत उतरतो.

रोप अ‍ॅक्सेस, म्हणजे दोरावर लटकून उंचावरची कामं करणं, हा धंदा आहे. उंच इमारतींच्या काचा, रिफायनरीतल्या चिमण्या, समुद्रातले तेलाचे प्लॅटफॉर्म, पवनचक्क्यांची पाती. तिथे रेस्क्यू म्हणजे बहुतेक वेळा आपल्याच टीममधला माणूस. सकाळी आपणच लावलेल्या दोरावर, आपणच तपासलेल्या अँकरवर (दोर जिथे बांधतात तो आधार) तो अडकलेला असतो. डोंगरात माणूस अनोळखी, दरी अनोळखी, पाऊस चालू, आणि अँकर म्हणजे मिळालंच तर एखादं जुनं झाड, नाहीतर कातळातली कपार. हार्नेस (अंगावरचे पट्टे) आणि कॅरॅबिनर (दोर अडकवायची कडी) दोन्हीकडे सारखेच दिसतात, म्हणून लोकांना वाटतं की काम एकच आहे.

आधी इराटाबद्दल. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये ही संघटना उभी राहिली. तंत्र मुळात गुहांमध्ये उतरणाऱ्यांचं, ते उद्योगाने उचललं. फरक असा की इथे प्रत्येकाला दोन दोर असतात: एकावर काम, दुसऱ्यावर बॅकअप. अमेरिकेत स्प्रॅट म्हणून दुसरी संघटना आहे, तिच्याही तीनच पातळ्या. इराटाचा कोर्स साधारण चार दिवसांचा, पाचव्या दिवशी परीक्षा. परीक्षक त्या केंद्राचा नसतो, बाहेरून येतो, आणि तो गोड बोलत असला तरी त्याचं लक्ष तुमच्या गाठींवर असतं. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. लेव्हल २ साठी किमान एक वर्ष आणि १००० तास दोरावरचं काम लागतं. लेव्हल ३ साठी लेव्हल २ वर पुन्हा तेवढंच, शिवाय चालू मुदतीचं प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट. म्हणजे कुठेही न अडकता गेलात तरी सुपरवायझर व्हायला दोन वर्षं. प्रत्यक्षात चार-पाच लागतात, कारण काम सलग मिळत नाही. फी केंद्रागणिक बदलते, दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा.

लेव्हल १ मध्येही रेस्क्यू शिकवतात. डिसेंडरवर (दोरावरून हळूहळू उतरायचं साधन) लटकलेल्या साथीदाराला आपल्या हार्नेसला अडकवून खाली आणायचं. सोपं वाटतं. पण दोघांचं वजन एका डिसेंडरवर आलं की दोर हातातून सुटू पाहतो. जास्तीचा कॅरॅबिनर लावून घर्षण वाढवायचं हे त्या क्षणी आठवावं लागतं, आणि पहिल्यांदा ते कुणालाच आठवत नाही. मलाही आठवलं नव्हतं. सरावाच्या जिममध्ये होतो, खाली गादी होती, म्हणून निभावलं.

माझ्या मते चांगल्या सुपरवायझरचा रेस्क्यू कुणी लटकायच्या आधीच झालेला असतो. वरचा अँकर नुसता गाठीने न बांधता तिथे डिसेंडर लावून ठेवला, तर खालचा माणूस बेशुद्ध पडला तरी त्याच्याकडे कुणी उतरावं लागत नाही. वरूनच दोर सोडत त्याला जमिनीवर आणता येतं. एका कारखान्याच्या चिमणीवर मी गेलो तेव्हा तिथला रेस्क्यू प्लॅन दुसऱ्याच कुठल्या तरी साइटवरून उतरवलेला होता, त्यात इमारतीच्या मजल्यांचे आकडेसुद्धा तसेच राहिले होते. कामाला हात लावण्याआधी मी वाळूची पोती हार्नेसमध्ये बांधून सराव लावला. पोती खाली यायला २६ मिनिटं लागली. मॅनेजर वैतागला, अर्धा दिवस गेला म्हणाला. आम्ही सगळे अँकर वर सांगितल्यासारखे डिसेंडरचे केले, आणि दुपारी तीच पोती चार मिनिटांत खाली आली.

ही मिनिटं महत्त्वाची का? हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचतं. शुद्धीवर असला तर तो पाय हलवतो, भिंतीला रेटा देतो, तग धरतो. बेशुद्ध असला तर काही मिनिटांत जिवावर बेततं. खाली आणल्यावर त्याला आडवं करू नका, बसवून ठेवा, असं अजूनही काही जुने लोक सांगतात. २००९ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने सगळा पुरावा तपासून घेतला आणि तो सल्ला निराधार ठरला. नेहमीचाच प्रथमोपचार करायचा, गरज असेल तर आडवं झोपवायचं. तुमच्या प्रशिक्षकाने उलटं सांगितलं तर नम्रपणे विचारा, हे कुठून आलं?

आता डोंगर. तिथे इराटाचं कार्ड कुणी बघत नाही. तिथला रस्ता गिर्यारोहणाचा: उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमध्ये किंवा दार्जिलिंगला बेसिक कोर्स, मग अ‍ॅडव्हान्स. चांगल्या ग्रेडने पार पडलात तर उत्तरकाशीला सर्च अँड रेस्क्यूचा कोर्स आहे. यातलं बरंचसं बर्फात शिकवतात, आपल्याकडे मात्र बेसॉल्ट, घसारा आणि गुडघाभर ओलं गवत. ते शिकायला स्थानिक पथकच लागतं. लोणावळ्याचं शिवदुर्ग, खोपोलीचं यशवंती, महाबळेश्वरचे ट्रेकर, अशी बरीच आहेत, आणि राज्यभरच्या पथकांचा समन्वय करणारं केंद्रही आहे. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, ३० हून अधिक माणसं गेली. ते मृतदेह वर काढायला एनडीआरएफच्या जवानांबरोबर आसपासच्या गावांतली ट्रेकर पोरं होती. अशा कामात दोरावर खाली दोघं असतील तर वर ओढायला वीस लागतात, आणि तुम्ही पहिली दोन वर्षं त्या विसांत असाल. पुली लावून तीनास एकाचा फायदा घेतला तरी स्ट्रेचर एक मीटर वर यायला दोर तीन मीटर ओढावा लागतो, आणि कड्यावर घासणाऱ्या दोराचं घर्षण वेगळंच. हे हातांना कळल्याशिवाय लीडरकी करू नये असं मला वाटतं.

अँकरचं एक गणित तेवढं पाठ करा. दोन अँकरमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येकावर वजनाच्या साधारण ५८ टक्के ताण येतो. ९० ला ७१. १२० ला पूर्ण १००, म्हणजे दोन अँकर लावून काही कमावलंच नाही. घाईत लोक दूरदूरची दोन झाडं पकडतात आणि निर्धास्त होतात.

लीडरकीबद्दल मी शिकलो ते चूक करून. एका पावसाळ्यात दरीत पडलेल्या मुलासाठी आम्ही गेलो होतो. टीममध्ये तांत्रिकदृष्ट्या मीच सगळ्यात तयार, म्हणून मीच खाली उतरलो. खालून वॉकीटॉकी लागेना. वर नातेवाईक कड्याच्या टोकाशी आले, पोलीस वेगळं सांगायला लागले, दोन पोरांमध्ये कुठला दोर ओढायचा यावरून बाचाबाची झाली. मी आणि तो मुलगा पाऊण तास एका बेचक्यात भिजत बसलो. तो वाचला, मांडी मोडली होती. रात्री पथकातले थोरले दादा चहा ढवळत एवढंच म्हणाले, "तू खाली गेलास ना, तेव्हा वर लीडर कोण होता?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून मी प्रमुख असलो की दोराला हात लावत नाही. मागे उभा राहतो, जिथून अँकर, ओढणारे आणि कड्याची धार एका नजरेत दिसतील. हुकूम एकच माणूस देतो, पण "थांबा" कुणीही म्हणू शकतो, काल आलेला पोरगासुद्धा, आणि त्यावर त्या वेळी कुणी वाद घालायचा नाही. नातेवाईकांजवळ एक जण नेमतो. बहुधा तो पथकातला सगळ्यात शांत माणूस असतो, सगळ्यात तगडा नव्हे. आणि रात्री, धुक्यात, खालून काहीच हालचाल नसेल तर उजाडेपर्यंत थांबायचं हे सांगायची जबाबदारी लीडरची. तिथे शिव्या खाव्या लागतात. खाल्ल्यात.

तुमच्या जागी मी असतो तर आत्ता पथकात जाऊन दोर धुवायला, वाळवायला, तपासायला बसलो असतो आणि जोडीने लेव्हल १ केली असती. लॉगबुकमध्ये (दोरावरच्या कामाच्या तासांची नोंदवही) रॅपलिंग इव्हेंटचे तास घुसवू नका, पोरं ते हमखास करतात. माझ्याकडे सही घ्यायला आलात तर मी विचारणार: त्या दिवशी बॅकअपचा दोर कुठल्या अँकरवर होता? आठवत नसेल तर ते तास मी खोडतो.