काजळी बोटीवर, कारण इंजिनात

प्रश्न : आमची फायबरची बोट पांढरी आहे. एक्झॉस्टच्या तोंडापासून मागपर्यंत काळा पट्टा उमटलाय. साबण लावून पाहिला, ब्लीच लावून पाहिलं, शेवटी तारेच्या घासणीने घासलं. काळेपणा गेला, पण ती जागा पिवळट राहिली आणि आता आठ दिवसांतच पुन्हा काळी होते. काय करावं?
– एक वाचक, मिरकरवाडा (रत्नागिरी)

उत्तर : पहिल्यांदा तारेची घासणी बंद करा. फायबरवरचा जेलकोट, म्हणजे वरचा चकचकीत थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. तारेने त्यावर बारीक चरे पडतात, पुढची काजळी त्या चऱ्यांत जाऊन बसते. पट्टा पूर्वीपेक्षा लवकर धरतोय तो यामुळेच. शिवाय घासणीचे लोखंडी कण अडकून गंजतात, त्यानेही पिवळेपणा वाढतो. ब्लीचचा इथे काही उपयोग नाही. काजळी म्हणजे कार्बन, आणि ब्लीचने कार्बनचा रंग उडत नाही.

ही काजळी अर्धवट जळलेल्या डिझेलात आणि ऑइलात माखलेली असते, म्हणून नुसतं पाणी तिच्यावरून घरंगळून जातं. आधी तेलकटपणा सोडवायचा. काम सकाळी लवकर किंवा सावलीत करा. तापलेल्या फायबरवर साबण वाळतो आणि त्याचेच डाग पडतात. गोड्या पाण्याने मीठ धुऊन घ्या. बादलीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच मोठे चमचे टाका आणि स्पंजने खालून वर लावत जा. वरून सुरुवात केली तर काळे ओघळ खालच्या कोरड्या भागावर उतरतात आणि ते काढणं वेगळंच काम होऊन बसतं. पाच मिनिटं ओलं ठेवा, मऊ ब्रशने चोळा, भरपूर पाण्याने धुवा. तोंडाजवळचा चिकट थर निघाला नाही तर फडक्यावर थोडं रॉकेल घेऊन तेवढाच भाग पुसा आणि लगेच पुन्हा साबणाने धुवा. रॉकेल ओतू नका. ते बंदराच्या पाण्यात जाता कामा नये.

उरलेल्या पिवळटपणासाठी ऑक्झॅलिक ॲसिड. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या बादलीत. रबरी हातमोजे आणि चष्मा घालूनच. पूड श्वासात जाऊ देऊ नका, कारण ती विषारी आहे. आधी कोपऱ्यात लावून पाहा. दहा मिनिटं ओलं ठेवा, वाळू देऊ नका, मग धो धो पाण्याने धुवा. गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या) फिटिंगला लागू देऊ नका. ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

चरे मात्र रबिंग कंपाउंडनेच (घासून गुळगुळीत करायच्या पेस्टने) जातील. हात हलका ठेवा, कारण प्रत्येक वेळी जेलकोट झिजतो. त्यावर वॅक्सचे दोन हात द्या, पाण्याच्या रेषेच्या वर. खरा बचाव या वॅक्सचा आहे. काजळी फायबरला न चिकटता वॅक्सवर राहते आणि साध्या साबणाने सुटते. तोंडाच्या आसपास दर दोन-तीन महिन्यांनी एक हात द्या. १ जून ते ३१ जुलैच्या पावसाळी मासेमारी बंदीसाठी बोट वर ओढलीत की ताडपत्री टाकायच्या आधीच, कोरड्या हवेत हे उरका. दमट फायबरवर वॅक्स धरत नाही.

प्रश्न : बोट धुतली तरी काळा धूर चालूच आहे. मेकॅनिक म्हणतो सगळे नोझल बदला. खर्च करण्याआधी आम्हाला काय तपासता येईल?
– एक वाचक, देवगड

उत्तर : नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) दोषी असू शकतात, पण तिथून सुरुवात करू नका. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. निळा असेल तर ऑइल जळतंय, पांढरा असेल तर डिझेल न जळता बाहेर येतंय. तुमचा काळा आहे, तेव्हा आधी इंजिनावरचा भार आणि हवा पाहा.

खोल पाण्यात, जाळं वर असताना पूर्ण थ्रॉटल द्या आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) पाहा. इंजिनाच्या प्लेटवर १८०० लिहिलंय आणि काटा १६०० वर अडतो, तर भार जास्त आहे. न्यूट्रलमध्ये ही चाचणी करून उपयोग नाही, तिथे काटा जातोच. तळाला शेवाळ-शिंपले धरलेत का, पंख्यात (पाण्याखालच्या प्रोपेलरमध्ये) दोरी अडकलीय का, पात वाकलंय का ते पाहा. वेग वाढावा म्हणून जास्त पिचचा (पात्यांना जास्त तिरका पीळ असलेला) पंखा बसवला असेल तर बहुधा कारण तेच. असा पंखा इंजिनाला दमवतो, डिझेल खातो आणि बोट काळी करतो.

मग त्याच थ्रॉटलवर इंजिन रूमचं झाकण उघडा. पट्टे-पुलींपासून लांब उभे राहा. आरपीएम चढला किंवा धूर कमी झाला, तर इंजिनाला हवा पुरत नाही. झरोक्यांपुढे जाळी-दोऱ्या रचलेल्या असतात, त्या हलवा. एअर फिल्टर बदला, टर्बोच्या होजचे क्लॅम्प घट्ट आहेत का पाहा. सायलेन्सर आतून काजळीने भरला असेल, किंवा दुरुस्तीत कमी व्यासाचा पाइप जोडला असेल, तरी धूर कोंडतो.

थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारा झडप) काढून टाकायची सवय अनेक बोटींवर दिसते. आमचं स्पष्ट मत : तो परत बसवा. गार इंजिनात डिझेल नीट जळत नाही. तासन्‌तास आयडलिंगनेही (भाराविना मंद चालू ठेवल्यानेही) तेच होतं. अशा वेळी परत येताना पंधरा-वीस मिनिटं तीन-चतुर्थांश भारावर चालवा, तेही बंदराबाहेर.

हे सगळं ठीक निघालं तर सगळे नोझल काढून डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे टेस्ट करून घ्या. जो ठिबकतो तोच बदला. इंजिनावरच्या डिझेल पंपाचं सील तोडून डिझेल वाढवून घेऊ नका.

प्रश्न : लाकडी होडी, ऑइल पेंट. डागांना थिनर चालेल का?
– एक वाचक, रेवदंडा

उत्तर : नाही. थिनर रंगच उचलतो आणि कॉस्टिक सोडा ऑइल पेंट मऊ करून सोलतो. साबण, अगदीच चिकट जागी रॉकेलचं फडकं, पुन्हा साबण. नवा रंग महिनाभर तरी सुकल्याशिवाय रॉकेलही नको. एक्झॉस्टचं तोंड बाहेरच्या फळीशी सपाट असेल तर पाइप पाच-सहा सेंटिमीटर बाहेर काढून किंचित खाली वळवा, म्हणजे काळं पाणी फळीवरून ओघळणार नाही. तोंडाभोवती काळा रंग द्यायला हरकत नाही, पण मग डाग दिसणार नाहीत. म्हणून दर फेरीनंतर तोंडावर पांढरं फडकं फिरवा. नेहमीपेक्षा जास्त काळं झालं किंवा चिकट लागलं तर वरच्या उत्तरातल्या तपासण्या सुरू करा.