पोळ्यानंतर कामाला लागलास, गोम तिथंच आहे

चि. लेकरा,
अनेक आशीर्वाद.

टायफॉइडनं पंधरा दिवस झोपून होतास आणि ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, ऑफिसात म्हणले आजारपणाचे पैसे बसत नाहीत, म्हणून तू चिडलायस की दर महिन्याला पगारातून कापतात ते जातात कुठं. राग बरोबरय तुझा. पण खिडकीवरच्या माणसानं फसवलं नाही, नीट समजून सांगितलं नाही एवढंच.

ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यात चालतं बघ. एप्रिल ते सप्टेंबर जे कापलं त्याच्यावर पुढच्या जानेवारी ते जूनचा हक्क, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या कपातीवर जुलै ते डिसेंबरचा. त्या सहा महिन्यात कमीत कमी ७८ दिवसांचा पगार लागलेला पाहिजे. आता तू वडलांच्या दुखण्यात दीड वर्ष गावाकडं होतास, पोळा झाल्यावर ऑगस्टच्या शेवटी वाळूजला लागलास, म्हणजे सप्टेंबरअखेर भरले किती, ३५-४० दिवस, आणि फेब्रुवारीत आजारी पडलास तर ऑफिस तेवढेच बघणार, ऑक्टोबरपासून एक खाडा न करता गेलास ते आत्ता मोजतच नाहीत, ते जुलैपासून कामी येणार. पेरणी उरकून जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागला असतास तर आज पैसे मिळाले असते. वडलांची सेवा, शेतातलं राबणं, कुणी ऊसतोडीला गेलं असेल तर तो हंगाम, यातला एक दिवस धरत नाहीत. मला हे आजपण पटत नाही, पण नियम असाय.

दवाखान्याचं मात्र वेगळंय हां. औषधपाणी कामाला लागल्या दिवसापासून मिळतं, त्याला ७८ ची अट नाही. प्रायव्हेटला कशाला पैसे घातलेस?

जुलैनंतर परत आजारी पडलास (पडू नको) तर पहिल्याच दिवशी कामगार विम्याच्या दवाखान्यात जायचं आणि आजारपणाचा दाखला घ्यायचा. दुखणं लांबलं तर दर आठवड्याला पुढचा, शेवटी कामावर जायला बरा झालास असा फिटनेसचा दाखला. बाहेरच्या डॉक्टरचा कागद तपासून मान्य करू शकतात, पण त्याच्या भरवशावर राहू नको. मग दाखले आणि ९ नंबरचा फॉर्म शाखा ऑफिसात, पैसे बँकेत येतात. रोजाच्या ७० टक्के मिळतात, म्हणजे १५,००० पगार असला तर दिवसाला ३५०, पहिले दोन दिवस सोडून, आणि वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. टीबी-कॅन्सरसारखं मोठं दुखणं असलं तर ८० टक्के आणि मुदत लांब, पण त्याला सलग दोन वर्षांची नोकरी लागते आणि मागच्या चार सहामाहीत मिळून १५६ दिवस. म्हणजे मधे गॅप पडला की तिथंपण मार बसतो.

आता मुद्द्याचं. तू ठेकेदाराकडंयस. १५,००० वर तुझे ११३ कापतात, मालकाला ४८८ घालावे लागतात, म्हणून काही ठेकेदार काम २६ दिवस करून घेतात आणि ईएसआयला १५च दाखवतात. तुला वाटतं दिवस भरले, आणि दुखण्यात कळतं की नाहीच. म्हणून मोबाईलवर सरकारचं उमंग ॲप घे, त्यात तुझ्या नावावर किती दिवस लागले ते दिसतं, पगाराच्या स्लिपशी दर महिन्याला ताडून बघ आणि कमी दिसले तर लगेच बोल, सहा महिन्यानं बोलून उपयोग नाही. दुसरं, चिकलठाण्याच्या कंपनीतला जुना विमा नंबरच इथं चालवायचा असतो. ठेकेदारानं नवा काढला असेल तर दोन ठिकाणी हिशोब फाटतो.

अजून एक, हात-पाय कामावर दुखावला तर ते आजारपणात घालू देऊ नको. सुपरवायझर म्हणतो गाडीवरून पडलो असं सांग. नाही सांगायचं. कामावरच्या इजेला ७८ दिवसांची भानगड नाही, आणि ९० टक्के मिळतात.

आजारपणाचे पैसे चालू असताना कामावरून काढता येत नाही, हे पण ध्यानात ठेव, धमकी देतात.

रविवारी पासबुक, आधार आणि पगाराच्या स्लिपा घेऊन घरी ये. जुना नंबर सापडतो का बघू.

तुझा,
काका